दोन दुकानं, बंदूक एकही नाही

तीर्थरूप रेनोमामा,

नमस्कार. (घाईत केल्यासारखा वाटला तर दोनदा धरावा.) ॲरिझोनात या दिवसांतही ऊन असतं म्हणे, तेव्हा सुखात असाल. फार सुखात नसाल तर बरं, असं मनात येऊन गेलं. त्याची माफी असावी. इथे मिशिगनात पंधरा नोव्हेंबरला हरणांचा मोसम उघडतोय आणि तुमचं मचाण यंदाही रिकामं. मामा येतील, असं मी म्हटलं, तर आई म्हणाली, "तो तिकडं संत्री सोलतोय."

म्हणून ठरवलं, आपणच रायफल घ्यायची. आधी हायवेवरच्या मोठ्या साखळी-दुकानात गेले. आपल्या गावातल्या टोइवोच्या दुकानापेक्षा साठ डॉलरनी स्वस्त! पण रायफल तारेनं काउंटरला बांधलेली. खांद्याला लावून पाहायला मलाच ओणवं व्हावं लागलं. तरी घेणारच होते. तेवढ्यात विक्रेत्यानं विचारलं, "स्वतःसाठीच ना, मॅडम?" नुसतं हो म्हणायचं. पण मी शाळेत गेले कुठे? तुम्ही आणि आईनंच घरी शिकवलंत, त्यामुळे न विचारलेलं खरंही तोंडातून निघतं. म्हणाले, "माझ्यासाठीच, पण मामा आले तर त्यांची." दुसऱ्यासाठी घेणाऱ्याला बंदूक विकत नाहीत. त्यानं तार सोडवून ती परत भिंतीवर टांगली.

मग टोइवोकडे. तिथे कॉफी फुकट, टोमणे त्याहून फुकट. माझ्या हाताचं माप घेऊन म्हणाला, बंदुकीचा दस्ता तुझ्या खांद्याला बसेल असा तासून देतो. आणि मग, "बसणार कुठं गं पोरी?"

"मामांच्या मचाणावर."

झालं! रायफल काउंटरखाली. "रेनोनं सांगितल्याशिवाय तिथं खारसुद्धा चढत नाही. का म्हातारा मेला असं धरून चाललीस?"

मी तिथेच रडले. (थोडंच. गिऱ्हाईक आलं होतं.)

बाकी क्षेम.

तुमची भाची,
आयली

ता. क. : मचाणावर बसायची परवानगी दोन ओळींत पाठवा, म्हणजे टोइवो बंदूक देईल. स्वतः यायची तसदी घेऊ नका.

आणखी ता. क. : परवानगी पाठवू नका. ती आली की मी तुमच्या जागी बसेन, आणि मग तुम्हांला यायला कारणच उरणार नाही. मला हरीण नकोच आहे, मामा. त्या मचाणावर दोन माणसं मावतात का, तेवढं पाहायचंय. आणि ते एकटीला पाहता येत नाही.