जगदेवचा जबाब गाण्यात घ्यावा

प्रति,
मे. मॅजिस्ट्रेट साहेब बहादूर,
दौऱ्याचा मुक्काम, मानोरा

अर्जदार : चतुराबाई भ्रतार जगदेव, धंदा बागायत, राहणार इंझोरी

विषय : नवऱ्यास वेड्यांच्या इस्पितळात पाठविण्याच्या हुकुमाचा फेरविचार होणेबाबत.
संदर्भ : गेल्या सोमवारचा हुकूम.

मेहेरबान साहेब,

१. अर्जदार बाईचा नवरा जगदेव यास पोळ्यानंतर लकवा झाला. उजवे अंग पडले, वाचा गेली. घशातून नुसता आवाज काढी. तो कुणाला कळेना, तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडे. पुढे त्याने जेवणही टाकले.

२. माघात शेजारच्या विहिरीवर मोट सुरू झाली. मोटकऱ्याने गाणे धरले आणि जगदेवने बाजेवरून पुढची ओळ उचलली. शब्द अन् शब्द स्वच्छ. बाई वांग्याच्या वाफ्यातून धावत आली. म्हणाली, "आता नुसतं बोलून पाहा." ते जमले नाही. मग तिने त्याच चालीवर, त्याच्या हातावर ताल धरून शिकवले. "मले पानी दे वं," असे त्याने गाऊन मागितले. आता भूक, दुखणे, शिवी, सारे तो गाऊनच सांगतो. जेवतो. काठी घेऊन मळ्यात येतो.

३. दीर रामकिसन यास मळा आपल्या वहिवाटीत पाहिजे. भाऊ वेडा झाला असा अर्ज त्याने दिला. सोमवारी साहेबांनी जगदेवास नाव विचारले. चपराशाने बाईस दूर उभे केले होते. हातावर ताल नाही, म्हणून त्यास सुरुवात सापडेना. घाबरून त्याने मोटेचे गाणेच म्हटले. मंडळी हसली. रामकिसन म्हणाला, "पाहा सायेब, मी हेच त सांगून राह्यलो होतो." त्यावर हुकूम झाला.

४. तेव्हापासून जगदेव गात नाही. ताल धरला की हात ओढून घेतो. काल बाईने विचारले, "तुमी सायबापुढं पुन्हा उभे राहान काय?" त्याने आपणहून हात पुढे केला.

५. सबब विनंती की, बाईस नवऱ्याजवळ उभे राहू द्यावे व जबाब गाण्यात घ्यावा. त्यात साहेबांचा अपमान नाही. ती शिकवते असा संशय असल्यास तिचे तोंड बांधावे, हात मोकळा ठेवावा. जबाब न पटल्यास तिलाही इस्पितळात पाठवावे. तेथे त्याच्या हातावर ताल धरणारे कोणी नाही.

हुकुमाची वाट पाहणारी,
चतुराबाई (निशाणी अंगठा)
ता. १७ मार्च १९३६
अर्ज लिहिणार : गुलाबराव, अर्जनवीस

शेरा : जबाब गाण्यात घेतला. इसम शुद्धीत आहे. रवानगीचा हुकूम रद्द.