पणजीला, कुणी आजारी नसताना

आई, आज मी पणजीला जाऊन आले. आपलं ठरलं होतं तसं, कुणी आजारी नसताना. आल्यापासून हे तुला सांगावंसं वाटतंय, म्हणून लिहायला बसले आहे. तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला आधी तुझं एखादं वाक्य आठवावं लागतं. आणि आठवतात ती वाक्यं बहुतेक त्या बाकावरचीच असतात.

हॉस्पिटलातल्या तपासणीच्या खोलीबाहेरचा तो बाक. पाठ टेकली की भिंतीचा चुना लागायचा. शिरोड्याहून पहाटेची एसटी धरून आपण यायचो. दर वेळी तू तेच विटलेलं अबोली पातळ नेसायचीस. "ह्येका औषधाचो वास लागलोच आसा, दुसऱ्या लुगड्याक कित्याक लावूचो?" मांडीवर पेजेचा डबा. तिथे बसलेली माणसं एकमेकांची नावं विचारत नाहीत. "तुमचां कोण आसा?" एवढंच विचारतात. मला कुणी विचारलं की मी तुझ्याकडे बोट दाखवायचे, आणि तू अशी लाजून हसायचीस जणू कुणी तुला बघायला आलं आहे.

एकदा लवकर सुटलो. परतीच्या एसटीला अजून खूप वेळ होता. मी म्हटलं, चल, मांडवीवर जाऊ, फेरीबोटीत बसू. तू एकदम गंभीर झालीस. "आज नको गो. आज मी पेशंट आसंय. पेशंटान खंय फिराचां?" मग थोडं थांबून म्हणालीस, "एक दिस मुद्दाम येवया. वेगळी एसटी, वेगळां लुगडां. फेरीबोटीन पलीकडे जावचां, आणि तिकडे काय एक काम नाय म्हणान तसांच परत येवचां." मी विचारलं, चर्च बघायचं का? "पायऱ्यो तू चढ. मी खाली बसान तुका हाक मारतंय." त्यानंतर दर फेरीला आपण त्या दिवसात काही ना काही भर घालत राहिलो. हॉटेलात पंख्याखाली बसायचं आणि दुसऱ्याच्या हातचं मासे-जेवण जेवायचं, हे तुझं. मार्केटातून गजरा घ्यायचा, हेही तुझंच. "देवाक न्हय, माका." तुझ्या दंडात सुई जात होती आणि तू मला विचारत होतीस, सुरमई घ्यायची की पापलेट.

गणपती झाले की जायचं असं ठरलं. गणपतीच्या आधीच्या तपासणीला त्यांनी तुला ठेवून घेतलं. त्या वॉर्डात तू त्या दिवसाविषयी एकदाच बोललीस. "मी नसलंय तरी तू जा. त्या गावान आमका एकदा तरी धडधाकट बघूक व्हयां." मी हो म्हटलं.

मी गेले नाही. आधी जाववलं नाही, मग तुझ्या जावयाचं दुखणं निघालं आणि पुन्हा तोच रस्ता, तोच पेजेचा डबा सुरू झाला. गेल्या वर्षी तेही गेले. आता पणजीला घेऊन जावं असं माझं कुणी उरलं नाही. मोकळा दिवस म्हणतात तो हाच असावा, असं मनात आलं, आणि मी हिरवी साडी इस्त्री करून ठेवली.

आदल्या दिवशी शेजारच्या वहिनीला कुंपणावरून सांगितलं, उद्या पणजीला जाते. तिने हातातली बादली खाली ठेवली. "अगे बाये, आता कोण?"

"कोण नाय. फिराक जातंय."

"पणजेक? फिराक?" ती हसली, मग तिने हसू आवरलं. "तुका सांगूचां नसात तर सांगू नको. पण माका फसवू नको. खंय दुखता?"

पहाटे मी बाहेर पडले तर ती फाटकाशी उभी. हातात थर्मास, आत गरम पेज. "फिराक जातंस तरी भूक लागात मां," म्हणाली. तिचे डोळे भरले होते. नाही म्हणता आलं नाही.

आरोंद्याच्या पुलावर खाडी दिसली. आजवर त्या पुलावर मी नेहमी कुणाच्या तरी चेहऱ्याकडे बघत असायचे. पाणी एवढं रुंद आहे हे मला माहीतच नव्हतं. पणजीच्या स्टँडवर उतरले तेव्हा ऊनही फार नव्हतं. मला फक्त रस्ता ओलांडून नदीकडे चालायचं होतं. इतक्यात एका बसचा कंडक्टर ओरडला, "हॉस्पिटल, हॉस्पिटल! चल मावशे, बस सुटता!" एवढ्या गर्दीत त्याने मलाच हाक मारली. हातातला थर्मास बघितला असेल त्याने. आई, मी चढले. पुढच्या थांब्याला उतरू, त्याच्या पुढच्याला उतरू, असं म्हणत टेकडीवरच्या हॉस्पिटलाशी पोचेपर्यंत बसून राहिले.

बाक आता लोखंडी आहेत. आपल्या जागेवर जाऊन बसले. शेजारी एक बाई होती, आपल्याच बाजूची. तिने माझ्या हिरव्या साडीकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमचां कोण आसा?"

मी म्हटलं, "आई."

तिने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "वय झालां आसतलां."

"होय."

"पेज आणलास? मगे हंय कित्याक बसलास? भेटूची वेळ संपात. जावा बेगीन, थंड होतली ती."

थर्मास धुऊन ओट्यावर पालथा घातला आहे. उद्या परत करताना वहिनी विचारणारच. तिला मी फेरीबोटीचं सांगणार आहे, वारा कसा होता तेही. सुरमई खाल्ली म्हणून सांगेन. हा कागद कुठे जाणार नाही, म्हणून तुला खरं सांगते. मी उठले आणि थर्मास घेऊन तुझ्या वॉर्डाचा जिना चढले. दारात शिपाई तरी अडवेल, अशी आशा होती. त्याने थर्मासकडे पाहिलं आणि तो बाजूला झाला.