मिठाच्या पाण्यातली विहीर

दादा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली म्हणून सांगायचं धाडस करतो. मी घरात मुद्दाम खारं पाणी करतो. तुम्ही जन्मभर लोकांच्या विहिरी दगडात बांधल्यात. पाणी लागलं की पहिली ओंजळ तुम्हीच प्यायचात, आणि ते मचूळ निघालं तर मालकाआधी तुमचंच तोंड उतरायचं. तुमचा मुलगा मात्र नागापूरच्या कारखान्यातून घरी येतो, फिल्टरचं गोड पाणी बादलीत घेतो आणि त्यात मीठ कालवतो. पाथर्डीहून आत्या राहायला आली, तिनं बोट बुडवून चाखलं आणि कपाळावर हात मारला. "आरं, आमी टँकरमागं हंडे घिऊन पळतो, अन् तू चांगल्या पान्याचं वाटोळं करतो व्हय?"

हे सगळं काचेच्या टाकीत पाळलेल्या एका माशासाठी. बोटाएवढा, पिवळ्या डोक्याचा, आणि बाकी नुसता जबडा. समुद्राच्या तळाशी बीळ खणून राहणारी ही जात. बीळ जमलं नाही तर हा भीतीनंच मरतो, असं दुकानदारानं बजावलं होतं. मी हौसेनं पांढरीशुभ्र, एकसारखी बारीक वाळू आणली. बिचारा तोंडानं वाळू उपसायचा, बाहेर थुंकायचा, आणि मागं वळेपर्यंत खड्डा बुजलेला. शेवटी त्यानं नाद सोडला. कोपऱ्यात धापा टाकत पडून राहायला लागला, कोळंबीचा तुकडा समोर धरला तरी तोंड फिरवायचा. "घरजावयाचे तरी एवढे लाड होतात का?" बायको म्हणाली. मला हसू येईना. घर बांधता येत नाही म्हणून एक जीव डोळ्यांदेखत संपत होता, आणि मी गवंड्याचा मुलगा.

तेव्हा बेलापूरची ती विहीर आठवली. शाळेला सुट्टी आहे, तुम्ही खाली उभे आहात, मी वरून पाटीत दगड घालून दोरीनं सोडतोय. मोठे, गुळगुळीत दगड तेवढे निवडून पाठवतोय. खालून आवाज घुमतो, "आरं, नवरी पाह्यला आलाय का? देखनं नको, बारीक-मोठं मिळून धाड! मोठ्याला बारकं आधार देतं, मंग भित उभी ऱ्हाती!" सोबत एक शिवीही आली. ती इथं लिहीत नाही, पण विहिरीत ती दोनदा ऐकू आली.

रविवारी मी वाळूत फुटके शिंपले, पोवळ्याचे तुकडे, लहानमोठे खडे असं सगळं मिसळलं. मासा आधी संशयानं बघत राहिला. मग त्यानं एक खडा तोंडात धरला, फिरवला, नापसंत करून टाकला, दुसरा घेतला. दादा, शपथेवर सांगतो, तो खड्याची बसकी बाजू शोधत होता. संध्याकाळी पाहतो तर गोल, आतून दगडानं बांधलेली विहीर! मला रडूच फुटलं. शेजारीण डोकावली तेव्हा बायकोनं मी कांदा चिरत होतो असं सांगितलं. तिला ते पटलं नाही, कारण मी कधी कांदा चिरत नाही हे आख्ख्या गल्लीला माहीत आहे.

विहीर मात्र आत्याला पटली. तिथंच घात झाला. "नवी हीर झाली अन् पूजा न्हाई?" म्हणत मी कामावर असताना तिनं टाकीत हळद-कुंकू वाहिलं, वर नैवेद्याची साखर. बायकोचा फोन आला. घरचं माणूस सिरियस आहे असं साहेबांना सांगून मी धावत निघालो. पाणी पिवळं, आणि माशानं शिंपला ओढून विहिरीचं तोंड बंद केलेलं. मी बादल्या उपसत होतो, मीठ कालवत होतो. आत्या शांत. "दादानं बांधलेल्या कोन्च्या हिरीचं पानी हळदीनं नासलं, सांग बरं? अन् एवढं काय? मासा हाय त्यो."

"मासा आहे आत्या, पण दादांसारखा बांधतो."

मग पदर खोचून तिनं दुसरी बादली उचलली.

सकाळी शिंपला हलला. पिवळं डोकं वर आलं, आणि गाल फुगवून त्यानं तोंडभर वाळू काचेवर थुंकली, तुम्ही तंबाखू थुंकायचात तशी. आत्यानं हात जोडले.

हे पत्र मी टाकणार नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि तिथं कोण वाचून दाखवणार? फक्त एक गोष्ट बायकोलाही सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगतो. लहानपणी आई जेवण घेऊन आली की मी विहिरीच्या काठावर पालथा पडून ओरडायचो, "दादा, वर या, भाकर आली!" आता घरात कोणी नसलं की मी टाकीवर वाकून तीच हाक मारतो. आणि दादा, तो वर येतो.