आधीची उंच होती

शनिवार

पोचले एकदाची! बस थांबायच्या आधीच काचेतून ती दोघं दिसली. एक ठेंगणी, नीटनेटकी बाई रुमाल पिळत उभी, आणि तिच्यामागे कपाटाएवढा एक माणूस. मी उतरले तशी बाईंनी मिठी मारली ती सोडेचनात. कपाट म्हणालं, "आई, तिला श्वास तरी घेऊ दे," आणि माझी बॅग एका बोटावर उचलून चालायला लागलं. तो माझा भाऊ. चौतिसाव्या वर्षी मला दादा मिळाला!

काय हाक मारायची हा पेच आहे. मला वाढवणारी आई गेल्या वर्षी गेली. तिची जागा या वहीत दुसऱ्या कुणाला द्यायला हात धजत नाही. 'नवी आई' म्हणावं तर खरं म्हणजे जुनी हीच! तेव्हा लिहिताना जन्मदाती लिहीन, बोलताना तूर्त 'अहो'वर भागवीन.

हे सगळं जमलं कसं, तेही लिहून ठेवते. दत्तक गेलेल्या मुलांची कागदपत्रं सीलबंद असतात. आई गेल्यावर बाबांनीच मला अर्ज करायला लावला. कोर्टाने परवानगी दिली, पण फाइल या दफ्तरातून त्या दफ्तरात फिरत राहिली. रेकॉर्ड खात्यातल्या बाई भल्या. दर वेळी म्हणायच्या, थोडी कळ काढा. माझ्यात कसली कळ! मी सरळ पेपरात जाहिरात दिली. जन्मतारीख, हॉस्पिटल, डाव्या कानाखालची चंद्रकोरीसारखी खूण, मला गुंडाळलं होतं ते हिरवं फडकं, सगळं छापलं. लगेच जन्मदातीचा फोन आला. खूण, फडकं, हॉस्पिटल, तिने रडत रडत सगळं बिनचूक सांगितलं. माझेही डोळे वाहायला लागले.

बाबा निघताना एवढंच म्हणाले, भेटून ये, पण परत ये. त्यांचा आवाज जरा बसला होता. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. मालकांना सांगून आलेय की माझ्या कवळ्यांना हात लावू नका, मी आल्यावरच त्या हसतील.

रविवार

माझी खोली वरच्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला. स्वच्छ पलंग, निळी चादर, आरसा. खिडकीच्या खालच्या काचा दुधी आहेत. दादाचं वेल्डिंगचं वर्कशॉप घरामागेच, त्यामुळे घरात जिकडेतिकडे त्याची कलाकुसर. माझ्या खिडकीचं ग्रिल तर फारच देखणं, वेलबुट्टीचं. मी कौतुक केलं तर तो लाजून मान खाली घालून हसला.

कपाट उघडलं तर कपडे. जवळजवळ माझ्याच मापाचे, फक्त लांबीला जरा जास्त, आणि वापरलेले. जन्मदाती म्हणाली, दरवर्षी तू केवढी झाली असशील असा अंदाज करून एकेक शिवून घेत होते. वापरलेले का वाटतात हे विचारायचं जिवावर आलं. धुऊन धुऊन झाले असतील.

जेवताना माझी धंद्याची खोड. समोरच्याचे दात बघितल्याशिवाय राहवत नाही. तिचे आणि दादाचे वरचे पटाशीचे दात रुंद, मधे फट, खालचा जबडा किंचित पुढे. अगदी एका साच्यातले. माझ्यात त्यातलं काहीच नाही. बापावर गेले असेन. वहिनी वाढायचं काम करते आणि बोलत नाही. मी दोन विनोद करून बघितले, दोन्ही ताटातच पडले.

संध्याकाळी दारात उभी होते. समोरच्या शिवणवाल्या काकूंनी मशिन थांबवलं आणि आनंदाने ओरडल्या, "अगं बेबी! खाली उतरलीस? बरं वाटतंय ना आता?" मला दुसरीच कुणी समजल्या असाव्यात. मीही हसून हात हलवला.

मंगळवार

काल लिहायला जमलं नाही. डोकं ठिकाणावर नव्हतं.

काल सकाळी डॉक्टर आले. तरुण, मवाळ माणूस. जुने डॉक्टर वारल्यावर अलीकडेच त्यांनी दवाखाना घेतलाय. माझी नाडी बघत त्यांनी मऊ आवाजात विचारलं, आपण दत्तक गेलो होतो असं मला अजून वाटतं का? मी म्हटलं, वाटतं म्हणजे काय, गेलेच होते! त्यांनी जन्मदातीकडे पाहिलं, मान हलवली, चिठ्ठी लिहिली आणि गेले.

मी फैलावर घेतलं तेव्हा ती जमिनीवर बसली. म्हणाली, नवरा नसताना दुसरं मूल झालं, ते देऊन टाकलं आणि रिकाम्या हाताने घरी आले. लोक विचारायला लागले तेव्हा तोंडातून निघून गेलं की पोर आजारी आहे, वर झोपलीय. एकदा बोलले ते बोलले. मग पोर मोठी होत गेली, तिचा आजारही. औषधं आणायची आणि मोरीत ओतायची. जवळून कुणी पाहिलेली नाही, तरी सगळं गाव तिला बेबी म्हणतं, बेबीच्या डोक्यावर परिणाम झालाय असं समजतं. आता तू अचानक दत्तक गेलेली म्हणून उभी राहिलीस तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तू जाईपर्यंत फक्त बेबी हो. नंतर सांगेन की लांबच्या हॉस्पिटलात ठेवलीय.

माझ्या पायांना हात लावायला लागली. एवढ्या वयाची बाई! मला कसंतरीच झालं. मी हो म्हटलं.

रात्री दूध आणून दिलं, आणि मी बेबीसारखी गुमान प्यायले. आज दुपारपर्यंत झोपले होते.

बुधवार

पलंगाची गादी उलटी करायला घेतली तर तिच्या शिवणीतून काहीतरी पडलं. एका दाताची काढघाल करायची प्लेट. वरचा, बाजूचा दात, गुलाबी अ‍ॅक्रिलिक, तारेचा आकडा एका बाजूला दोनदा वाकवलेला. हे काम मी डोळे मिटून ओळखेन. चांगल्या लॅबचं, मोठ्या शहरातलं, बाईच्या जबड्याचं. जन्मदातीचे सगळे दात शाबूत आहेत. वहिनीचेही.

मग या पलंगावर कोण झोपत होतं?

कुणी दात असा शिवणीत ढकलून का ठेवील? मी कवळ्या करते, मला माहीत आहे. माणूस तो आठवणीने वाटीत ठेवतं. त्याच्याशिवाय चारचौघांत तोंड उघडत नाही. हा लपवलेला होता. कुणीतरी इथे होतं याची खूण म्हणून.

वहिनी कपडे ठेवायला आली. मी तळहात पुढे केला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाली, "आधीची उंच होती." आणि स्वतःच्याच तोंडावर हात दाबून खाली पळाली.

कपाटातले कपडे लांबीला जास्त आहेत.

गुरुवार

उद्या सकाळच्या बसने निघायचं ठरवून बॅग भरत होते. तेवढ्यात रेकॉर्ड खात्यातल्या बाईंचा फोन आला. आवाजात आनंद. फाइल उघडली! मग म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमची आई बाळंतपणातच गेली होती. त्याच हॉस्पिटलात. तिला दुसरं मूल नव्हतं. मात्र तिची धाकटी बहीण आहे, तुमची मावशी. ती कितीतरी वर्षं तुम्हाला शोधतेय. आताच तिच्याशी बोलले, फोनवर नुसती रडत होती.

मी पलंगावर बसले. मग ही कोण? हिला खूण कशी माहीत? फडकं? आणि मग लख्ख उमगलं. मी जे छापलं होतं तेच तिने मला सांगितलं. त्याच्या बाहेरचं एक अक्षरही नाही.

बाईंना घाईघाईने इथला पत्ता सांगितला. पुढचं वाक्य सांगायला तोंड उघडलं तर दारात ती उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. दादाने मागून येऊन माझ्या हातातून फोन काढून घेतला. हिसकावला नाही. लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घ्यावी तसा.

मी धावले. जिना, दार, रस्ता. कुणीच अडवलं नाही, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. थांब्यावर बस उभी होती. मी ड्रायव्हरला सगळं सांगितलं. मला दत्तक दिलं होतं, ही माझी आई नाही, मला पळवून आणलंय. बोलता बोलता माझंच मला ऐकू आलं. ही तर बेबीची वाक्यं! गावाला ती तोंडपाठ आहेत. ड्रायव्हर कळवळून म्हणाला, "घरी जा ताई, आई वाट बघतेय." शिवणवाल्या काकूंनी माझ्या खांद्यावरून हात टाकला. मी ओरडले तशी आणखी माणसं आली. कुणी पाणी दिलं, कुणी चप्पल आणून पायात घातली. कुणी एका वाईट शब्दाने बोललं नाही. सगळ्यांनी मिळून मला इतक्या मायेने घरी आणून सोडलं की चावायला सुद्धा कुणी सापडेना.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. मी त्यांना बाबांचा नंबर सांगायला गेले. जीभ जड झाली होती. आकडे तोंडातल्या तोंडात राहिले.

रविवार असावा

दाराला बाहेरून कडी. ग्रिल भिंतीत खोल गाडलंय. वेलीच्या पानांमधून मनगट जातं, कोपर जात नाही.

वही उशीच्या अभ्र्यात ठेवते. वहिनीला माहीत आहे. खाली कुणाला सांगितलेलं नाही.

आज ताट ठेवताना तिने भिंतीकडे बघत सांगितलं. दादा माझ्या फोनवरून बाबांना निरोप पाठवतो. मी सुखात आहे, आणखी राहतेय, सारखे फोन करू नका. बाबांनी उत्तर दिलंय. तुझं घर तुला मिळालं, आम्हाला आनंद आहे. बाबा – मला माहीत आहे हे लिहिताना ते कसे बसले असतील –

आधीचीही जाहिरात वाचूनच आणलेली. सासू रोज पेपर घेऊन बसते, आधी जाहिरातींचं तेच पान काढते. आधीचीने शेवटपर्यंत हिला आई म्हटलं नाही. मग एकदा तिला हॉस्पिटलात न्यायचं म्हणून गाडीत घातलं. गाडी रिकामी आली.

मी विचारलं, गावात कुणी विचारलं नाही? वहिनी म्हणाली, कशाला विचारतील? बेबी वर आहेच.

–

दूध पिते. न प्यायलं तर दादा नाक धरतो. हळूच धरतो.

ती केस विंचरून देते. छान विंचरते. गुणगुणते. मला झोप –

आई म्हणाली की थंडी आहे, गळ्याभोवती रुमाल गुंडाळ. आई नाही. ती. ती म्हणाली. ती.

माझे बाबा. लॅब. कवळ्या. डाव्या कानाखाली – रुमालाखाली आहे. आहे अजून. हात लावून बघितला.

–

मावशी आली!

आवाज खालून येत होता. पत्ता रेकॉर्डवाल्या बाईंनी दिला असणार. मी दार बडवलं. वाटलं, आता मला कोंडून ठेवतील. उलट दादा वर आला आणि मला धरून खाली घेऊन गेला. डॉक्टर होते. काकू होत्या. ती होती, हातात पाण्याचा पेला घेऊन. खुर्चीच्या कडेवर एक बारीकशी बाई, पर्स मांडीवर घट्ट धरून. ती माझ्याकडे बघतच राहिली. मी बोलायला गेले. तोंड कोरडं. जीभ टाळ्याला चिकटलेली. डॉक्टरांनी तिला समजावलं, पेशंटला बाहेरच्यांच्या गोष्टी ऐकून त्या आपल्याच वाटतात. तिने ते ऐकून घेतलं, पण उठली नाही. माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली. म्हणाली, "बाळा, तूच सांग. घाबरू नकोस."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. एक वाक्य. एवढंच हवं होतं. पण आधी पाणी हवं होतं, नाहीतर शब्दच फुटेना. पाणी तिच्या हातात होतं. रोज तिच्याच हातात असतं. मी तिच्याकडे वळले आणि म्हणाले –

"आई, पाणी."

मावशीचा चेहरा विझला. तिने माझ्या गालाला हात लावला, सगळ्यांची माफी मागितली. काकू डोळे पुसत होत्या. आईने – तिने – मला घोट घोट पाणी पाजलं. शहाणी माझी, म्हणाली.

–

मावशी अजून थांब्यावर आहे. वरच्या काचेतून दिसते. पलंगावर उभी राहून लिहितेय. पर्स मांडीवर. बस यायची आहे.

वहिनी ताट घेऊन गेली. कडीचा आवाज आला नाही. मुद्दाम – मुद्दामच –

दार ढकललं. उघडं आहे.

काय ओरडायचं ते आधी लिहिते, म्हणजे चुकणार नाही. मावशी. रुमाल काढायचा, कान दाखवायचा, आणि मावशी. दुसरं काही नाही. मावशी मावशी मावशी

बस आली. जिन्यात कुणी –

नाही, मी कुठे जात नव्हते, दार आपोआप, मी फक्त – आई, मी –