तुझ्या विहिरीचं गोड पाणी

पपा, आईने काल सकाळपासून तोंड उघडलेलं नाही. चमचा ओठांशी नेला की ती मान भिंतीकडे वळवते. हे तुला का लिहिते आहे ते नीट सांगता येणार नाही. प्रश्न पाण्याचा आहे आणि पाणी तुझ्या विहिरीचं आहे, एवढंच.

क्रमाने सांगते. आईची उजवी बाजू गेली त्याला पाच महिने झाले. बोलण्यात फक्त ‘ना’ उरलं. म्हापशाला व्यायाम करवून घेणाऱ्या बाईंकडे तिला नेत होते, तिथे बाकासमोर माशांची टाकी होती. पिवळे, निळ्या पट्ट्यांचे, सतत एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे मासे. आई ते बघत राहिली आणि बघता बघता डब्यातली सगळी पेज संपली. त्याच आठवड्यात मी टाकी आणली. चिऱ्यांचे दोन थर, वर फळी, फळीवर थर्माकोल, आणि पाणसळ लावून चारही कोपरे तपासले. दगड आधी थेट तळाशी बसवले, वाळू मागून घातली, कारण हे मासे वाळू उकरतात आणि वाळूवरचा दगड कोसळतो. महिनाभर टाकी नुसती चालू ठेवली, मग मासे आणले. दुकानदार म्हणाला, “मॅडम, ही आफ्रिकेतल्या तळ्यातली जात, भांडखोर. आठ तरी न्या, म्हणजे मार वाटला जातो. आणि पाणी जड लागतं हां, आपलं इथलं चालायचं नाही.” मी पाणी तपासण्याचीच नोकरी करते. हे मला त्याने सांगायची गरज नव्हती.

तुझ्या विहिरीचं पाणी मी पहिल्याच दिवशी मोजलं होतं. पीएच सहा पॉइंट तीन, चुन्याचा अंश जवळजवळ नाही. जांभ्या दगडातून पाझरलेलं पाणी असंच मऊ असतं, म्हणून तर गोड लागतं. या माशांना आठच्या आसपास हवं. दुकानातली पूड घालून मी आकडा वर नेला, पण तो धरून ठेवणारं त्या पाण्यात काही नव्हतं. दर वेळी पाणी बदललं की चढ, मग उतार. आठातले पाच मेले. मेलेला मासा मी जाळीने काढते तेव्हा आई बघत असते. पाचवा काल सकाळी काढला. त्यानंतर तिने मान वळवली ती वळवलीच. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत बघा, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. ती नळी ती उपसून काढील, हे मला माहीत आहे. माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

आपल्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी तू विहिरीचा काठ बांधून घेतलास आणि त्याच वर्षी मी जन्मले. तू दोन्ही गोष्टी एका वाक्यात सांगायचास, विहीर आधी. कोरगावात आपल्या दारात कोणी आलं की, पोस्टमन असो नाहीतर काजूचा व्यापारी, तू तांब्या पुढे करायचास. “आदीं आमच्या बांयचें उदक घे. च्या मागीर.” आधी विहिरीचं पाणी, चहा नंतर. आणि तो पिईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहायचास. मग ती गणपतीची चवथ येते. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आधीच्या आठवड्यात तपासायला नेलेल्या विहिरीच्या पाण्याच्या नमुन्याचा कागद माझ्या पर्समध्ये आहे. गणपतीसमोर, वर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली पाहुणे बसलेत, तू तांब्या घेऊन येतोस, आणि मी सगळ्यांसमोर म्हणते, “पपा, ते देऊ नको. त्यात जंतू आहेत. उकळल्याशिवाय पिण्यालायक नाही.” काका मोठ्याने हसतात. “गेलें रे तुझ्या बांयचें सर्टिफिकेट! शिकून आयलें आनी बापायच्या बांयकच खोट काडली!” तू हसत नाहीस, रागावतही नाहीस. तांब्या आत नेऊन ठेवतोस. “बरें केलें सांगलें तें,” एवढंच म्हणतोस.

त्या दिवसापासून या घरात पाणी उकळून पितात. पुन्हा कोणापुढे तू तांब्या केला नाहीस. दहा महिन्यांनी गेलास. शेवटच्या दिवसांत एकदा पेला खाली ठेवून म्हणालास, “चव गेली गो.” मी म्हणाले, उकळल्यावर हवा निघून जाते, म्हणून तसं लागतं. उत्तर बरोबर होतं.

काल दुपारी मी मागच्या दारी माडाच्या मुळातून तिसऱ्यांच्या शिंपल्या उकरून काढल्या. आई आयुष्यभर तिथेच टाकायची. तुझ्या पायाला लागून तू ओरडलास की म्हणायची, “चपला घाल. माड खाता तें.” शिंपल्या घासल्या, उकडल्या, जाळीच्या पिशवीत भरून टाकीच्या फिल्टरमध्ये ठेवल्या. शिंपली चुन्याचीच असते, सावकाश विरघळते. आज दुपारी सात पॉइंट दोन. घाई केली तर उरलेले तीनही मरतील. ते दगडांमागे आहेत आणि आई टाकीकडे बघत नाही. दर तासाला आकडा लिहिते आहे आणि आकडा तिच्या काही कामाचा नाही.

आता जे सांगायचं राहिलं ते. हे पाणी मासे मारील हे कळत असूनही मी तेच भरलं, कारण तुझ्या विहिरीचं पाणी कशाला तरी चालावं असं मला वाटत होतं. त्या चवथीच्या नमुन्याची बाटली मी निर्जंतुक केली नव्हती. हॉस्टेलच्या नळावर धुतली होती, बस गाठायची होती. चवथीनंतर दोन आठवड्यांनी रीतसर बाटलीत पुन्हा नमुना नेला. पाणी स्वच्छ होतं. तो कागद मी फाडला. तू आणखी नऊ महिने उकळलेलं पाणी पीत होतास.

मघाशी कळशी सोडली आणि विहिरीतून पाणी काढलं. उकळलं नाही. चमचा आईच्या ओठांशी धरला. ती बराच वेळ तशीच राहिली, मग ओठ सुटले, आणि तिने गिळलं. दुसऱ्या चमच्याला तोंड स्वतः उघडलं. पेजेला अजून ‘ना’च आहे. त्या फाडलेल्या कागदाचं तिला मी काही सांगितलं नाही. हे पाठवायला तुझा पत्ता नाही, पपा. असता तरी मी पाठवलं नसतं.