मागचा स्पीकर

२ नोव्हेंबर २००५
दिवाण गेला! म्हणजे मीच गेलो — हॉलमधून मागच्या खोलीत. स्वानंदनं दिवाळीला होम थिएटर आणलं. पाच लहान डबे आणि जमिनीवर बसून घुमणारा एक थोरला. "बाबा, तुमचा दिवाण आहे ना, नेमका तिथंच मागचा स्पीकर येते." मुलगा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. रायपूर राजधानी झाल्यापासून आपल्याला कुणालाही कुठंही हलवता येतं, असं त्याला वाटतं.
मी म्हटलं, "हव." जन्म रेल्वेत काढला, बदलीला नाही म्हणायची सवय नाही.

४ नोव्हेंबर
संध्याकाळी हॉलमध्ये हसण्याचा नुसता गदारोळ. माझ्यापर्यंत शब्द पोचत नाहीत, हसणं तेवढं पोचतं. सगळे थांबले तरी एक बाई मागाहून एकटीच हसते. मंजिरीच असणार. सून या घरात आल्यापासून असं मोकळं हसलेली मी ऐकली नव्हती. मी तिथं असताना तिला हसायची चोरी होती की काय?
बोलावल्याशिवाय जाणार नाही.

५ नोव्हेंबर
नाही बोलावलं.

८ नोव्हेंबर
आज पुन्हा तेच. लिहूनच टाकतो — रडू आलं. दिवाण गेल्याचं एवढं नाही. माझ्यावाचून त्यांचं इतकं छान चाललंय, त्याचं आलं.
जेवताना स्वानंदला म्हटलं, "मलेही कान आहेत."
तो विचारात पडला. "हव बाबा, बरोबर आहे तुमचं." वाटलं, आला दिवाण परत! तर म्हणतो, "मागचा एक स्पीकर तुमच्या खोलीत देतो. फक्त वायर वाढवा लागते."

१० नोव्हेंबर
बूढ़ापाऱ्याच्या बाजारातून वायर आली. हॉलमधून स्वयंपाकघराच्या चौकटीवरून, देवघराला वळसा घालून माझ्याकडे यायची होती. फ्रिजपाशीच संपली. मापली नव्हती, अंदाज घेतला होता. साहेबांचा अंदाज म्हणजे मंजूरच.
मंजिरी कढई घेऊन उभी. "काहून हो, फोडणीच्या डोक्यावरून वायर नेऊन राहिले?"
"तात्पुरती आहे."
ह्याचं ऑफिससुद्धा पाच वर्षं तात्पुरत्या इमारतीतच आहे.

११ नोव्हेंबर
दुसरी वायर आणून पहिलीला जोडली. चारही टोकं सोलली, पिळली आणि सगळ्यांवर मिळून एकच चिकटपट्टी गुंडाळली. बटण दाबलं — मशीन बंद! आधी विजेला शिव्या, मग मशीनला, मग दुकानदाराला. शेवटी मंजिरीनं पट्टी सोडवली. आत दोन्ही तारा एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या. तिनं वेगवेगळ्या गुंडाळल्या, मशीन सुरू झालं.
"मीही तेच करणार होतो," साहेब म्हणाले.

१३ नोव्हेंबर
अख्खा सिनेमा ऐकला. पाऊस, घोडे, पुन्हा पाऊस, एक दार. कोणाचं कोणाशी लग्न झालं, देव जाणे. स्वानंदला विचारलं.
"बाबा, मागच्या स्पीकरमंधून बोलणं नाही येत. आजूबाजूचाच आवाज येते. त्यालेच तर सराउंड म्हणते."
वर अभिमानानं सांगतो! बोलणं पुढच्यांना, मागच्यांना वारा-पाऊस. राजधानीत बसून पोट्टा राज्यकारभार चांगलाच शिकला.

१४ नोव्हेंबर
गडगडाट. एकदा कुत्रं.

१६ नोव्हेंबर
आज तो हसण्याचा कार्यक्रम लागला. स्पीकर माझ्या उशाशी. टाळ्या झाल्या, हसणं झालं, सगळे थांबले. आणि मग ती बाई — एकटीच, मागाहून — थेट माझ्या कानात.
मंजिरी नव्हे. डब्यातली बाई! इतके दिवस मी हिच्यावर रुसून बसलो होतो. सुनेला मनात काय काय बोललो, ते इथं लिहीत नाही.
मग आमच्या घरातलं कोण हसत होतं?

१७ नोव्हेंबर
आज न बोलावता गेलो. टीव्हीवर हास्याचा धबधबा आणि हॉलमध्ये स्वानंद एकटा. मंजिरी वर नातीच्या, इरावतीच्या खोलीत, दार लावून. आवाजानं मायलेकींचं डोकं दुखतं म्हणे, पहिल्या दिवसापासून. डब्यातली बाई हसत होती, हा नाही. मला पाहिलं आणि सोफ्यावर सरकून जागा केली.
"बसा ना बाबा. इतक्या दिवसांपासून वाट पाहून राहिलो, कोणी येतच नाही."