मागच्या अंगणातली वहिवाट

४ मार्च
'वकील' संपला. आपला भार ज्याच्यावर टाकायचा तो — मुळात एवढाच अर्थ! नव्या वकिलांना सांगितलं तर हसतील. पस्तीस वर्षं कोर्टाचं रेकॉर्ड सांभाळलं, आता जुन्या कोर्टशब्दांची वही भरतोय. कुणी मागितलेली नाही. मजा येते.

मग 'वहिवाट'. म्हणजे रुळलेली वाट. कोर्टात ती हक्क होऊन आली — वीस वर्षं उघडपणे, न विचारता, कुणी न अडवता चाललं की वाट चालणाऱ्याची. मुलाला फोनवर रंगवून सांगितलं. उदाहरणाला मागच्या घरातल्या टेलरबाई घेतल्या. रोज आमच्या अंगणातून दुकानाला जातात. पहिल्यांदा आल्या तो माझ्या बढतीचा दिवस, म्हणून तारीख पक्की आहे. येत्या एकोणतीसला वीस वर्षं!

५ मार्च
हात दाखवून अवलक्षण. सकाळीच मुलाचा फोन — "बाबा, त्याआधी एक दिवस फाटकाला कुलूप लावा. उद्या घर विकायचं झालं तर ही बाई वाटेत!" उद्या म्हणजे मी गेल्यावर.

११ मार्च
'शिरस्तेदार'. फारसी — सर म्हणजे टोक, रिश्ता म्हणजे दोरा. कागदांच्या गठ्ठ्याच्या दोऱ्याचं टोक ज्याच्या हाती तो. फाटकापाशी बाईंना सांगितलं. "मग मीपण शिरस्तेदारच की, रेकॉर्डसाहेब!" म्हणाल्या आणि हसत गेल्या. दिवसभर वहीत लक्ष लागलं नाही.

कुलपाचं सांगायचं राहिलं. खरं म्हणजे धीर झाला नाही.

२७ मार्च
मुलगा स्वतः कुलूप घेऊन हजर! "तुम्ही भिडस्त. मीच लावतो." म्हटलं, आधी जेव. जेवून उठतो तर कुलूप गायब. "बाबा?" म्हटलं, वय झालं रे, आठवत नाही. (पिठाच्या डब्यात आहे.)

शेवटी खरं बोललो. ती वाट बंद झाली तर मला करमणार नाही. मुलगा म्हणाला, "तर सरळ लिहूनच द्या ना त्यांना." रागाने म्हणाला की मायेने, कळलं नाही. जाताना पाया पडून गेला.

२९ मार्च
वीस वर्षं पुरी. बाई आल्या, गेल्या. त्यांना पत्ताच नाही! मी फाटकाच्या बिजागरीला तेल घातलं.

३० मार्च
वाटेचा हक्क स्वच्छ अक्षरात लिहून काढला. द्यायला त्यांच्या घरी गेलो — पहिल्यांदाच, पुढच्या दाराने. त्या गल्लीत मला कधी काम पडलं नव्हतं. कडी वाजवायच्या आधी सहज मागे वळून पाहिलं, तर समोरच त्यांच्या दुकानाचं मागचं दार. दहा पावलं! आमच्या अंगणातून जायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला वळसा.

कागद खिशातच ठेवून परत आलो. उद्या आल्या की बसा म्हणणार.